सायलेन्सरमधली ती जाळी

खंबाटकीच्या चढाला गाडीने दम सोडला. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईना. गाडी २००८ची, पेट्रोलवरची, आजवर कधी रस्त्यात न अडलेली. गॅरेजमध्ये मिस्त्रींनी ती वर घेतली, खाली वाकून एक्झॉस्टच्या पाइपावर मुठीने ठोकलं. आत खडखड वाजलं. "ताई, कॅटकॉन गेलाय. काढून सरळ पाइप मारून देतो. पिकअप वाढेल, ॲव्हरेजही देईल."

पाइप उघडल्यावर त्यांनी आतले तुकडे माझ्या हातावर ठेवले. कॅटकॉन, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आतून असा दिसतो हे मी प्रथमच पाहत होते. मातकट रंगाचं सिरॅमिक, मधाच्या पोळ्यासारखं, पण भोकं चौकोनी. एका चौरस इंचात साधारण ४०० भोकं, मधल्या भिंती कागदासारख्या पातळ. धड तुकडा उजेडाकडे धरला तर पलीकडची ट्यूबलाइट ठिपक्याठिपक्यांनी दिसत होती. दुसरा तुकडा मात्र पाक आटून गोळा व्हावा तसा वितळून गच्च झालेला. त्यातून काहीच दिसेना. इंजिनाचा धूर तरी कुठून जाणार होता?

मिस्त्री लोक हिला जाळी म्हणतात. त्यामुळे ती चहाच्या गाळणीसारखी घाण अडवते, असा समज होतो. ती काहीच अडवत नाही. भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचे डोळ्यांना न दिसणारे कण. सगळं मिळून वजन काही ग्रॅम. विषारी कार्बन मोनॉक्साइड या धातूंवर क्षणभर टेकतो, ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. न जळलेल्या पेट्रोलचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. ऱ्होडियमवर नायट्रोजनच्या ऑक्साइडची जोडी फुटते आणि हवेतला साधा नायट्रोजन मोकळा होतो. धातू स्वतः खर्च होत नाहीत. मात्र सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय ही जाळी कामाला लागत नाही, म्हणून सकाळी गाडी सुरू केल्यावरची पहिली मिनिटंच सर्वांत घाण.

मला यातला सर्वांत आवडतो तो सिरियम ऑक्साइड. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते, पण इंजिनाचं हे माप सतत थोडं पुढेमागे होत राहतं. ऑक्सिजन जास्त झाला की सिरियम तो धरून ठेवतो, कमी पडला की सोडतो. गाडी चालू असेतो ही देवघेव अखंड सुरू असते.

फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री यांनी लॉस एंजेलिसच्या धुरक्याने अस्वस्थ होऊन १९५०च्या दशकात गाड्यांसाठी असं उपकरण बनवलं. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते या कणांवर बसून त्यांना निकामी करायचं. आपल्याकडेही १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटकॉन सक्तीचा झाला, तेव्हा तिथे शिसेविरहित पेट्रोलही सोबतच आणावं लागलं. २००० सालापासून ते देशभर आलं. या जाळीला शिसं चालत नव्हतं, म्हणून आपल्या पोरांच्या श्वासातलंही शिसं कमी झालं. मला हे फार मोठं वाटतं.

तर मिस्त्रींच्या बोलण्यात खरं किती? बुजलेला कॅटकॉन काढला की गाडी पळते, हे खरं. पण ती तुलना बुजलेल्याशी झाली. धड कॅटकॉन अशा गाडीची ताकद फारशी खात नाही. आणि खरा प्रश्न वेगळाच: जाळी वितळली कशाने? स्कॅनर लावल्यावर कळलं, तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल अधूनमधून ठिणगी देत नव्हती. ते न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटत होतं. सरळ पाइप मारला असता, तर कॉइल तशीच राहिली असती आणि ते कच्चं पेट्रोल थेट रस्त्यावर आलं असतं. कॅटकॉनच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर नसलेल्या जुन्या गाडीत तर कॅटकॉन काढल्याचा दिवाही डॅशबोर्डवर लागत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. टेलपाइप जमिनीपासून फूटभर उंचीवर असतो. सिग्नलला गाड्यांच्या मधून हात धरून चालणाऱ्या लहान मुलाचं नाक त्याच्या किती जवळ येतं, हे एकदा थांबून बघावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, पण मला कायद्याआधी ते नाक आठवतं.

मिस्त्रींना मी आधी कॉइल आणि चारही प्लग बदलायला सांगितले, मग नवा कॅटकॉन. खर्च दुखला. जुने तुकडे केराच्या डब्यात टाकू दिले नाहीत, कारण त्यातलं प्लॅटिनम पुन्हा काढता येतं. ते पिशवीत बांधून भंगारवाल्याकडे वेगळे दिले. आठवड्याने पीयूसीवाल्याने टेलपाइपात नळी सरकवली. गाडी तापलेली होती. पडद्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा थोडा वर गेला, मग घसरत घसरत शून्याजवळ येऊन थांबला.