नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आज घेऊ: फ्लॅटला नॉमिनी लावलाय, म्हणजे घर त्याचंच ना?

नाही. मध्यंतरी एक ताई माझ्याकडे आल्या. नवरा गेलेला, मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून दिराचं नाव, तेही लग्नाआधी दिलेलं. दीर म्हणाले, "घर आता माझं." ताईंनी सामान बांधायला घेतलं होतं. मी म्हटलं, थांबा.

नॉमिनी हा राखणदार. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही खटल्यात सांगितलं, की सोसायटीने नॉमिनीचं नाव लावलं तरी वारसांना हक्क मागता येतो. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याने स्वतः घेतलेल्या घरात पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. हे असताना भावाला काहीच नाही. सासूबाईंचा वाटा मात्र विसरू नका.

म्हणून आज दोन कामं करा. सोसायटीतला नॉमिनेशन फॉर्म काढून नाव तपासा. आणि दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा. पुढे एखाद्या वारसाला वाटा सोडायचा असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणी करूनच घ्या; साध्या कागदावरची सही चालत नाही.