हायपोत चांदी किती?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूर-बांबवड्याकडच्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्याला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, काय करतो ते शिकवायला नको. फिल्मवरची डेव्हलप न झालेली चांदीची संयुगं तो विरघळवून घेतो. मग लिटरभर वापरलेल्या हायपोत ५-६ ग्रॅम चांदीसुद्धा साठते, आणि दिसायला तो पाण्यासारखाच!

ती ओळखायची युक्ती सोपी: हायपोच्या काही थेंबांत पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचा एक थेंब. पिवळट साका आला आणि हलवूनही विरघळला नाही, तर हायपो दमला. असला हायपो मोरीत ओतणं म्हणजे चांदी ओतणंच. त्यात लोखंडी तारेची घासणी टाकली तर लोखंड विरघळतं आणि तळाशी काळा गाळ बसतो. तीच चांदी.

उलटी चाचणी फोटोची. धुतलेल्या प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घातलेल्या सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब, दोन मिनिटं थांबायचं. तपकिरी डाग उठला की हायपो राहिलाय. पुढं फोटो पिवळा पडणार. (सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर काळा डाग, साबणानं न जाणारा.)

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२०मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला, तोही चांदीच्याच फिल्मवर.