पोट पुरुषांचे, म्हणून विकारही पुरुषांचाच?

मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचा विषय निघाला, की चांगल्या सुशिक्षित कुटुंबांतूनही एक विधान इतक्या ठामपणे आणि इतक्या वारंवार कानी पडते, की त्याचा प्रतिवाद करताना संयम राखणे कठीण होते: ‘ही दुखणी पोट सुटलेल्या पुरुषांची, बायकांना त्यांची फारशी धास्ती नाही.’ या विधानात सत्याचा जो अंश आहे, तो वयाच्या एका मर्यादेपुरताच आहे. आणि ती मर्यादा विसरली जाते म्हणूनच ते घातक ठरते.

कंबरेचा वाढलेला घेर, रक्तातील ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, हितकारक कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा त्याहून वर आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, या पाचांपैकी कोणतीही तीन लक्षणे एकत्र आढळली, की या दुखण्यांकडे नेणाऱ्या त्या अवस्थेस मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणावे, असे प्रमुख आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००९ साली एकमताने ठरविले. या निकषांतच स्त्रीपुरुषभेद आहे. एचडीएलची किमान पातळी पुरुषांस ४०, तर स्त्रियांस ५०. कंबरेची मर्यादा आपल्यासारख्या दक्षिण आशियाई पुरुषांस ९० सेंटिमीटर, तर स्त्रियांस ८०. म्हणजे ८५ सेंटिमीटरची कंबर पतीची असेल तर ती निकषात येत नाही, पत्नीची असेल तर येते.

मेद किती आहे याइतकेच तो कोठे साठला आहे यालाही महत्त्व आहे, हे मार्सेय येथील वैद्य ज्याँ व्हाग यांनी १९४७ सालीच निदर्शनास आणले होते. प्रजननक्षम वयात इस्ट्रोजेनच्या प्रभावामुळे स्त्रीचा मेद मुख्यतः मांड्या आणि नितंब यांत साठतो, आणि तेथे तो तुलनेने निरुपद्रवी असतो. परंतु रजोनिवृत्तीच्या सुमारास ते संरक्षण ओसरू लागले, की तोच मेद पोटाच्या आत, आतड्यांच्या आणि यकृताच्या सान्निध्यात जमू लागतो, इन्सुलिनचा अंमल क्षीण होतो, एचडीएल उतरते आणि रक्तदाब चढतो. यामुळेच अनेक देशांच्या पाहण्यांत तरुण वयात या सिंड्रोमच्या प्रमाणात पुरुष पुढे दिसतात. पन्नाशीनंतर मात्र स्त्रिया त्यांना गाठतात, आणि पुष्कळ ठिकाणी मागेही टाकतात.

आपल्याकडे तर तरुण वयातील संरक्षणाचाही भरवसा धरता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कंबरेच्या मापावरून पाहता पोटाची स्थूलता सुमारे ४० टक्के स्त्रियांत आढळली आणि पुरुषांत अवघ्या १२ टक्क्यांत. घेर हे पाचांतील एकच लक्षण, हे खरे. परंतु एवढा दाखला समोर असताना घरातील पुरुषाची तपासणी दरवर्षी बिनचूक व्हावी आणि बाईच्या थकव्यावर व धापेवर ‘वय झाले’ असा निकाल परस्पर दिला जावा, याचे समर्थन कसे करणार? आणि मधुमेह एकदा जडला, की स्त्रीचे नैसर्गिक संरक्षण बव्हंशी नाहीसे होते: आठ लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे जे संकलन २०१४ साली प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहामुळे वाढणारी हृद्रोगाची सापेक्ष जोखीम स्त्रियांत पुरुषांपेक्षा ४४ टक्क्यांनी अधिक निघाली.

इतर समजुतींचा परामर्श थोडक्यात घेता येईल. सडपातळ माणूस सुरक्षित, हे खरे नाही. हात-पाय बारीक आणि पोटात मेद अधिक, ही भारतीय देहयष्टी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सविस्तर अभ्यासली आहे. विशीतिशीत काळजी नको, हेही नाही. पीसीओएस हा बीजाशयाशी निगडित संप्रेरक-विकार असलेल्या किंवा गरोदरपणी साखर वाढलेल्या स्त्रीने पुढेही नियमित तपासणी करावी. पँटचे माप म्हणजे कंबरेचे माप नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून फीत धरावी.

आणि ‘आता या वयात काय उपयोग?’ हा प्रश्न तर निव्वळ अज्ञानाचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहारनियमन व आठवड्यास १५० मिनिटांचा व्यायाम यांनी मधुमेहाचे प्रमाण एकूण ५८ टक्क्यांनी घटले. साठी उलटलेल्यांत ही घट ७१ टक्के होती.