छावणीच्या जागी चालती-बोलती वस्ती

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराच्या दक्षिणेला फ्रेंच सैन्याची छावणी होती. १९९२ मध्ये सैन्य गेलं आणि जागा मोकळी झाली. तिथे उभी राहिलेली 'वोबाँ' ही वस्ती आराखड्यापासूनच नागरिकांना सोबत घेऊन घडली. अनेक कुटुंबांनी तर गट करून, बिल्डरशिवाय, स्वतःच इमारती बांधून घेतल्या.

गाड्या? त्या वस्तीच्या कडेला, बहुमजली पार्किंगमध्ये. तिथली जागा वेगळी विकत घ्यावी लागते आणि ती स्वस्त नाही. घरांपुढच्या गल्ल्यांत गाडी माणसाच्या चालीनेच न्यायची, त्यामुळे मुलं बिनधास्त रस्त्यावर खेळतात. मुख्य रस्त्यालगत तळमजल्यावर दुकानं, वर घरं. २००६ पासून ट्रामही.

आपल्याकडे पुनर्विकासाची चर्चा चटईक्षेत्रातच अडकते. सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढं जरूर विचारा: दूध, औषधं आणायला चालत जाता येईल ना?