पाटा काढायचा की सोडवायचा

मुरबाडहून टोकावडेमार्गे माळशेजकडे निघालेली जुनी महिंद्रा जीप रिकामी असेल तर लांबूनच कळते. तिची मागची बाजू रस्त्यावर ठरत नाही. मोठ्या खड्ड्याचं सोडाच, डांबराच्या साध्या ठिगळावरसुद्धा ती उडते आणि मागे बसलेल्या माणसाचं डोकं हुडाच्या पाइपाला लागतं. तीच जीप दहा-बारा माणसं, भाताची दोन पोती आणि टपावर कोंबड्यांची खुराडी घेऊन निघाली, की गरीब गाईसारखी चालते. गाडी तीच, पाटे (लीफ स्प्रिंग) तेच. फरक वजनाचा.

पूर्वी पाट्यांच्या कडकपणाची कुणी तक्रार करत नसे. डोळखांब, किन्हवली, धसई, म्हसा अशा गावांना जीप होती ती लोकांना तालुक्याला आणि तालुक्याचा बाजार पाड्यावर न्यायला. रिकामी चालवणं म्हणजे डिझेलचा भुर्दंड. तक्रार सुरू झाली ती जीप हौसेची झाल्यावर. कल्याण-ठाण्याची मंडळी शहापूर-मुरबाडला फार्महाऊस घेऊ लागली. सोबत जुनी जीप आली, रंगरंगोटी झाली, रुंद टायर चढले, आणि पहिल्याच रविवारी घरच्यांनी कंबर धरली. आपल्याकडे जुनी स्पोर्ट्स कार दारात असणारी माणसं थोडी. उघडी, दोन दारांची, केवळ चालवण्याच्या मजेसाठी ठेवलेली गाडी म्हणाल, तर या भागात ती जीपच. स्पोर्ट्स कारशी तिचं नातंही तसं लांबचं नाही. १९४५ साली आलेली इंग्रजांची एमजी टीसी ही नावाजलेली स्पोर्ट्स कार खालून पाहा. पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे. जिपेचीही मांडणी हीच. दोघींच्या मालकांचं दुखणंही एकच.

महिंद्रांची कंपनी १९४५ची. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात तिने मुंबईत विलिज जीप जोडायला घेतली. १९५३ साली विलिजने काढलेलं सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ला बंद झालं, पण महिंद्राने ते पुढे कित्येक वर्षं बनवलं. १९८०च्या दशकात एमएम-५४० आली, प्यूजोच्या २.१ लिटर डिझेल इंजिनासह. कसारा घाट चढून गेलं की लगेच इगतपुरी, आणि तिथे महिंद्राचा इंजिनांचा कारखाना. म्हणजे शहापूरकरांना ही गाडी शेजारच्या घरातली म्हणायला हरकत नाही. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, मागे माणसं-माल किती भरतील याचा नेम नाही. म्हणून पाटे कडक ठेवले. यात कंपनीची चूक काढण्यात अर्थ नाही.

पाट्यांची मूळ कल्पना घोडागाडीच्या काळातली. १८०४ साली ओबादाया इलियट या इंग्रज गाडीवाल्याने कमानदार पाट्यांचं पेटंट घेतलं. एकाखाली एक, उतरत्या लांबीच्या पोलादी पट्ट्या, मधोमध सेंटर बोल्ट, ॲक्सलला धरायला यू-बोल्ट, टोकाला झुलणारा शॅकल. सगळ्यात वरचा लांब तो मेन पाटा. दोन्ही टोकांना त्यालाच डोळे असतात, म्हणून गाडी खरी त्याच्यावर टांगलेली.

जाडीचा हिशेब विलक्षण आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा टाकला, तर तो दुपटीहून जास्त कडक होतो. लांबी वाढली की तितक्याच झपाट्याने नरम. जीप आखूड, तिचे पाटेही आखूड, तेव्हा मऊपणाला मुळातच जागा कमी. उभ्या गाडीच्या वजनाने पाटा किती दबतो, यावर ती सेकंदाला किती हेलकावे खाणार ते ठरतं. १० सेंटिमीटर दबला तर साधारण दीड, ५च दबला तर सव्वादोन. आरामशीर मोटारी एक ते दीडमध्ये असतात. रिकामी जीप बरीच वर जाते, भरली की खाली येते.

इथून पुढचं मात्र हौशी मालक सहसा ऐकून घेत नाहीत. पाटा कडक असणं वेगळं आणि पाटा अडकलेला असणं वेगळं. गाडी दबते तेव्हा पट्ट्या एकमेकींवर सरकतात. तेवढं घर्षण चांगलंच, ते हेलकावे थांबवतं. पण शहापूर-मुरबाडचा पाऊस कसा, हे सांगायला नको. चार महिने चिखल आणि पाणी पट्ट्यांच्या फटीत, मग आठ महिने धूळ. गंज धरतो आणि सहा-सात पट्ट्यांचा एकच जाड लोखंडी ठोकळा होतो. लहान खड्ड्याला तो हलतच नाही. मग गाडी डुलते ती फक्त टायरमधल्या हवेवर, सेकंदाला चारच्या आसपास. माणसाच्या धडाला उभे धक्के सर्वात जास्त जाणवतात ते सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यातच. कंबर उगाच धरली जात नाही.

सोपा उपाय म्हणून लोक पाटा काढतात. खालचे एक-दोन काढले की गाडी त्याच दिवशी मऊ लागते, मालक खूश. पण उरलेल्या पट्ट्यांवर तेवढाच जास्त ताण येतो. सहा महिन्यांनी कमान बसते, ॲक्सल रबरी ठोकळ्यावर आपटू लागतो, आणि आधीपेक्षा मोठा गचका बसतो. म्हसा यात्रेच्या गर्दीत माणसं खचाखच भरली आणि मेन पाटा डोळ्याजवळ तुटला, तर ॲक्सल जागेवरून सरकतो. घाटात हा प्रकार झाला तर काय होईल, ते लिहिण्याची गरज नाही.

काढण्याआधी सोडवा, असं माझं मत आहे, आणि महामार्गाकडेला ट्रकचे पाटे करणारे जुने मिस्त्रीही सहसा तेच सुचवतात. हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. आधी चॅसिसखाली घोडे लावून चाकं मोकळी करायची. यू-बोल्टच्या नटांना रात्रभर डिझेल पाजलेलं असतं, तरी ते कुरकुरतातच. सेंटर बोल्ट काढण्याआधी गठ्ठ्याला शिकंजा लावावाच लागतो, कारण दाबून बसलेल्या पट्ट्या सुटताना उसळतात. शिकंजा हळूहळू ढिला केला की एकेक पट्टी आपल्या मूळ बाकावर जाते. प्रत्येकीचा बाक वेगळा, वरचीपेक्षा खालची जास्त वाकलेली. आणि मग दिसतं खरं दुखणं: खालच्या पट्टीच्या टोकाने वरच्या पट्टीच्या पोटात नखाएवढी खाच पाडलेली. शॉकअप बदला, टायर बदला, ती खाच आहे तोवर पट्टी तिथे अडखळणारच. खाच घासून सपाट करायची, टोकाची धार मारून गोलाई द्यायची, तारेच्या ब्रशने गंज उतरवायचा. खोल खाच असेल तर पट्टीच बदलायची, कारण तडा तिथूनच जातो. मग ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात. जाड थर दिला तर तो धूळ धरून ठेवतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

जोडतानाची एक बारीक गोष्ट बहुतेक गॅरेजांत निसटते. डोळ्यांत रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावर कसायचे. घोड्यावर असतानाच कसले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि बुश लवकर फाटतो. शॅकलही पाहावा. तो झुलत नसेल तर पाट्याला लांब व्हायला वाव नाही, मग तो दबणार कसा? आणि चार-पाचशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे. गाडी मऊ झाली या आनंदात हे काम राहून जातं.

जी पट्टी बाद होते ती वाया जात नाही. स्प्रिंगचं पोलाद लोहाराला हवंच असतं. भाताच्या कापणीआधी भट्टी पेटली की पाट्याचा कोयता करून घेणारे अजून आहेत, आणि धार टिकते म्हणून त्याला मान आहे.

टायरबद्दल मात्र हौशी मंडळींशी भांडण आहे. जुन्या जिपेचा टायर अरुंद आणि उंच, त्याची बाजू लवचिक. त्या जागी जड अलॉय आणि रुंद टायर आले की चाकाचं वजन वाढतं, आणि ते वजन पाट्याच्या खाली असल्याने प्रत्येक खड्डा जास्त जोरात वर पोचतो. वर हवाही पेट्रोल पंपावरचा पोऱ्या भरेल तेवढी. रिकाम्या गाडीला हवा थोडी कमी ठेवली तर फुकटात जितका फरक पडतो, तितका हजारोंच्या शॉकअपने पडत नाही. आणि शॉकअप घ्यायचेच तर पाटे सोडवल्यानंतर. अडकलेल्या पाट्यावर नवा शॉकअप म्हणजे आणखी एक अडथळा.

कंपनीने स्वतः काय केलं, तेही पाहा. २०१०च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार दिला, मागे पाटे ठेवले. २०२०च्या थारमध्ये पाटा अजिबात नाही, चारही कोपऱ्यांना कॉइल स्प्रिंग. आराम हवा तर पाटे सोडावे लागतात, हे कंपनीने मान्य करायला एवढी वर्षं घेतली. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या त्या काँक्रीटवर नव्या थारला कुठलेच पाटे आठवत नाहीत. पाड्याकडे वळणारा रस्ता मात्र तसाच आहे, आणि त्यावर अजून जीपच चालते.

एवढं सगळं करूनही मागची मंडळी कुरकुरतील. त्याला पाटा जबाबदार नाही. चालक दोन ॲक्सलच्या मध्ये बसतो, तिथे हेलकावा कमी. मागचे आडवे बाक थेट मागच्या चाकांवर, आणि शेवटी बसलेला तर ॲक्सलच्याही मागे. तिथे मूळ फोम दबून पत्रा लागत असेल, तर चार इंची चांगला फोम टाका. पाहुण्यांना पुढे बसवा, आणि घरच्या ज्या माणसाने ही गाडी घ्यायचा हट्ट धरला होता, त्याला मागे.