वाचणारे यंत्र आणि ऐकणारे मूल

बुद्धी तल्लख असूनही अक्षरांशी ज्याचे सूत जमत नाही, अशा मुलाला ‘ढ’ ठरविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. इ. स. १८९६ मध्ये इंग्लंडातील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी अशाच एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. सर्व शिक्षण तोंडी असते, तर तो शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. या वैगुण्यास आज डिस्लेक्सिया म्हणतात. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतांमध्ये त्याची गणना केली आहे.

मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय आता साध्या मोबाइलमध्येही असते. त्यामुळे धडा वाचून घेण्यासाठी आईची किंवा बहिणीची मनधरणी करावी लागत नाही. तोच उतारा दहा वेळा ऐकला तरी यंत्र त्रासत नाही. नात्यात शिरलेला ओशाळेपणा यामुळे कमी होतो, हा लाभ लहान नव्हे.

परंतु वाचून दाखविणारी आई केवळ आवाज पुरवीत नसे. मुलाच्या चेहऱ्यावरील गोंधळ पाहून ती थांबे, अर्थ विचारी, घरातलाच एखादा दाखला देई. यंत्र हाती दिले म्हणजे आपण मोकळे झालो, असे घरच्यांनी मानल्यास मुलाची अडचण सुटेल, पण ते एकाकी पडेल. म्हणून उच्चाराचे श्रम यंत्राकडे सोपवावेत आणि त्यातून उरलेला वेळ त्याच धड्याविषयी मुलाशी बोलण्यात घालवावा, हे इष्ट होय.