पालखीच्या वाटेवरचा वर्ग : माध्यमिक शाळेत संस्कृती, वंश आणि जात यांचे अध्यापन

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर निमगाव केतकी हे पानमळ्यांसाठी ओळखले जाणारे गाव आहे. आषाढीपूर्वी देहूहून निघणारी संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने पुढे जाते आणि एका रात्रीपुरते गाव वारकऱ्यांचे होते. या गावातील नववी-दहावीचा विद्यार्थी लहानपणापासून हे दृश्य पाहत आलेला असतो. लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच विद्यार्थ्याच्या नावापुढे शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जातीची नोंद असते आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती त्याच्याबरोबर बाहेर पडते. पालखीची रात्र भेद विसरावयास सांगते, तर दाखला तो जपून ठेवावयास सांगतो. या दोन अनुभवांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न विद्यार्थी बहुधा उघडपणे विचारत नाही. मराठीच्या अध्यापनात त्याला उत्तर शोधण्याची साधने कशी देता येतील, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभी संज्ञांचा घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. वंश, जात आणि संस्कृती हे शब्द विद्यार्थी एकाच अर्थाने वापरतात. किंबहुना ‘रक्तातच असते’ या एका वाक्प्रयोगात तिन्ही मिसळून जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ रक्तात न शोधता विवाहाच्या बंधनात शोधले. गटाबाहेर विवाह न करण्याचा नियम हाच जातीचा कणा होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘जातिभेदाचे निर्मूलन’ (१९३६) या प्रबंधात तर जाती म्हणजे भिन्न वंश ही कल्पनाच त्यांनी नाकारली. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये कवटीच्या असमतेवर संशोधन केले, तेव्हा तिची सांगड वंशाशी घालता येत नाही असे त्यांना आढळले. महाराष्ट्रातील ‘कुंभार’ या एका नावाखाली परस्परांत बेटीव्यवहार नसलेले अनेक गट आहेत, हेही त्यांनी पुढे दाखवून दिले. नाव एक असले म्हणजे मूळ एक असते असे नाही, ही गोष्ट कुंभारवाडा पाहिलेल्या मुलास चटकन समजू शकते.

तथापि वंश आणि जात यांची तुलना निरर्थक ठरत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. अमेरिकेत गुलामगिरी घटनेने रद्द झाली ती १८६५ मध्ये. म्हणजे अवघ्या आठ वर्षांत पुण्यातील एका लेखकाने त्या घटनेचा आपल्या समाजासाठी अर्थ लावला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. दोन्ही ठिकाणी साम्य आहे ते अन्यायाच्या स्वरूपात, शरीराच्या रंगात नव्हे. हा भेद स्पष्ट झाला म्हणजे ‘आपल्याकडे वंशभेद नाही’ हे समाधानही पुरेसे राहत नाही.

वाङ्मयाच्या अध्यापनात याहून जवळचे साधन म्हणजे इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख. पंढरीच्या वाटेवर एका दिंडीबरोबर चालताना भजनात एकत्र असणारी माणसे जेवायला मात्र जातीनुसार वेगळी बसतात, हे लेखिकेला दिसते. वारीविषयीचे तिचे प्रेम त्यामुळे आटत नाही. तिला झालेले दुःखही ती लपवीत नाही. ज्या गावातून दिंड्या जातात, तेथील मुलांनी हा लेख वाचला तर संस्कृतीवर प्रेम करणे आणि तिला प्रश्न विचारणे या दोन परस्परविरोधी क्रिया नाहीत, हे त्यांच्या ध्यानी येईल. पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. परंतु ते मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले होण्यासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ‘संतांनी समता आणली’ या उत्तरपत्रिकेतील ठरावीक वाक्याची मर्यादा या एका वस्तुस्थितीने स्पष्ट होते.

विद्यार्थी हा केवळ वाचक नसतो, तो लेखकही असू शकतो. याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त प्रसिद्ध झाला. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने देवालाच केला. आज ज्याला अस्मितेचा प्रश्न म्हणतात, तो एका शाळकरी मुलीने दयेची याचना म्हणून न मांडता तर्काच्या आधाराने मांडला, हे लक्षणीय आहे. दहावीतील मुलांना ही लेखिका वयाने आपल्याएवढी आहे एवढे कळले, तरी निबंधलेखनाचा तास निराळा होतो.

अशा अध्यापनात खरा धोका निराळाच असतो. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’तील (१९८०) एखादा उतारा वाचला जात असताना त्याच समाजातील मुलगा मागच्या बाकावर बसलेला असू शकतो. ‘तुमच्यात असेच असते का?’ हा शिक्षकाचा प्रश्न कुतूहलाचा असला, तरी त्या मुलाला तो क्षणात वर्गाबाहेर काढतो. त्याला आपल्या समाजाचा नमुना म्हणून उभे करण्याचा अधिकार कोणासही नाही. म्हणून प्रश्न नेहमी पाठाला विचारावेत : या वाक्यात कोण बोलत आहे? कोणता शब्द बोलीतील आहे आणि तो प्रमाण भाषेत बदलला तर काय हरवते? कोणाला नाव आहे आणि कोणाला केवळ जात आहे? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकास देता येतात आणि त्यासाठी स्वतःची जात उघड करावी लागत नाही. ज्याला स्वतःहून सांगावयाचे असेल, त्याला जागा असावी; ज्याला गप्प राहावयाचे असेल, त्याच्या मौनाचा मान राखला जावा. ज्यांना जातीचा विचार कधी करावा लागला नाही, त्यांनाही जात असते, हे याच चर्चेतून हळूहळू उलगडत जाते.

दाखल्यावरील नोंदीचा अर्थही येथेच सांगता येतो. एकेकाळी जी नोंद अपमानाचे साधन होती, तीच घटनेने दिलेल्या हक्काचा आधार बनली आहे. एकच शब्द दोन काळांत दोन कामे करतो, हे भाषेच्या शिक्षकाइतके नेमकेपणाने दुसरा कोण सांगू शकेल? दहावीनंतर शाळा सोडताना मुलाच्या हाती तो दाखला येतो. त्यावरील एका शब्दापुढे मान खाली न घालता, त्याचप्रमाणे तिचा गर्वही न बाळगता, तो कागद वाचण्याची शक्ती त्याच्यात आली असेल, तर मराठीचा तास सार्थकी लागला असे म्हणता येईल.